लाल टाका

३ मार्च
परत तेच स्वप्न. दुकानात मी पायमशीनवर, सुईखालून निळं कापड वाहतंय — संपतच नाही. बाबा इस्त्री करताहेत, वाफेत चेहरा दिसत नाही, नुसती हाक येते, "बॉबिन!" लहानपणी मशीनमधल्या रिळासारखी गरगर फिरायची म्हणून पडलेलं माझं नाव. जाग आली तरी पाय चालूच होते! इथल्या निवाऱ्यातली, पलीकडच्या कॉटवरची मावशी म्हणाली, झोपेत तरी सुट्टी घे गं.

५ मार्च
आश्रयाच्या अर्जाची मुलाखत झाली. परत गेलात तर काय होईल, असं अधिकारी विचारत होते. दुभाषी बाई मायाळू. सांगितलं — मोर्चाचे झेंडे आमच्या दुकानात शिवले, मी आणि कटिंगमास्तरांनी. मास्तरांना पोलिसांनी उचललं, ते परत आलेच नाहीत. मग माझं नाव विचारत आले, तेव्हा बाबांनी मला मागच्या दाराने पिटाळलं.

पण दुकानाचा विषय निघाला आणि माझी गाडी सुटलीच. खडूचा वास, कात्रीचा आवाज, बाबांचा नियम — कपड्यात काही काम राहिलं असेल तर कॉलरच्या आत एक लाल टाका. लाल टाक्याचा कपडा कुणाच्या हाती द्यायचा नाही, गिऱ्हाईक दारात रडलं तरी! दुभाषी बाई हसल्या. अधिकाऱ्यांनी तेवढं लिहून घेतलं नाही.

९ मार्च
खोलीतल्या पडद्याचा काठ उसवलाय. दिवसभर बघत पडले.

१२ मार्च
बाबांचा फोन! मी पळाले तेव्हापासूनचा पहिला! सगळं निवळलंय म्हणाले, तुला आता कुणी विचारत नाही, परत ये. तुझं निळं जाकीट पाठवतोय, तेच घालून ये. वाचून दाखवल्यासारखे सावकाश बोलत होते. एकदाही बॉबिन म्हणाले नाहीत. इतक्या दिवसांनी सुचलं नसेल.

१३ मार्च
वकीलबाईंना म्हटलं, आश्रयाचा अर्ज मागे घ्यायचाय. त्यांनी खूप समजावलं. मी ऐकेना, तेव्हा एकोणीसला सहीला या म्हणाल्या. मावशी म्हणते, चाललीस तर उशी मला ठेवून जा.

१५ मार्च
स्वप्नात गल्लीतून चालत होते. रस्ता कापडासारखा मऊ. दुकान उघडं, आत कुणीच नाही, तरी माझी मशीन आपली चालतेय. भीती नाही वाटली. किती छान ऊन होतं तिथे!

१८ मार्च
पार्सल आलं. जाकीट मी निघण्याआधीच पूर्ण केलं होतं, बटणांसकट. त्यात काहीच राहिलं नव्हतं. घालून पाहिलं, मानेला काहीतरी टोचलं. कॉलर उलटली.

लाल टाका. बाबांच्या हातचा.

उद्या सही करणार नाही. फोनवर बाबांच्या शेजारी कोण उभं होतं?