दोन टोपल्यांचा निकाल

मी, श्रीमती दमयंती दामू तांडेल, वय एकसष्ट, धंदा मासळीविक्री, राहणार माहीम, तालुका पालघर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. जळतंय ते काळीज.

१. राहतं घर मुलगा मेहुल याला. बाजारातला माझा ओटा सून प्रियदर्शिनीला. माझी धाकटी जाऊ हेमाली हिला त्या ओट्यावर घटकाभरही बसू देऊ नये.

२. कारण लिहिते. जिल्हा परिषदेचा उमेदवार या खेपेला कार्यकर्त्यांनीच निवडायचा, असं पक्षाने ठरवलं होतं. आमच्या बाजाराची जुनी रीत अशी, की प्रत्येकीने आपल्या पसंतीच्या टोपलीत एक सुका बोंबील टाकायचा. एक टोपली माझी, एक हेमालीची. माझी शिगोशीग भरली, तिचा जेमतेम तळ झाकला. दिल्लीहून आलेले राष्ट्रीय चिटणीस नाकाला रुमाल लावून बसले होते. बोईसरच्या कारखान्यात शिकलेली हिंदी हेमाली त्यांच्यापुढे पाजळत होती. मोजणीआधीच ते उठले, आणि पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून आमच्या बायकांनी दोन्ही टोपल्या त्यांच्या गाडीत रित्या केल्या! मग दिल्लीहून फोन आला, तिकीट हेमालीला. भांडायला गेलो तर म्हणे, पुरावा काय? "पुरावा तुमीच खाल्ला," शेजारच्या ओट्यावरची झुंबर ओरडली. ऐकतो कोण? पक्षाच्या सतरंज्या आयुष्यभर मी उचलल्या, निवडून आली ती.

३. अर्ज भरायला घेतलेलं निळं नऊवारी लुगडं पेटीत आहे. तेच नेसवून मला न्यावं. हेमालीची गाडी गेली की मी दार लावून घेते. मला तिचा हेवा वाटतो. वाटतो तर वाटतो.

४. माझ्यावर पक्षाचा झेंडा घालू नये. दिल्लीचा फोन उचलू नये.

५. बाराव्याला बाजारात दोन टोपल्या पुन्हा मांडाव्यात, एक माझ्या नावाची, एक हेमालीच्या. मोजून होईपर्यंत कुठल्याही पाहुण्याला चहासुद्धा देऊ नये.

६. वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. काहीच न मिळणारी आमच्या घरात एकच. म्हणून हेमालीला बोलावलं.

"वयनी, माझ्यासाठी काय हाय का यात?"

"नाय. म्हणून तर बोलावलं."

वरचं सगळं तिने वाचलं. पाचव्या कलमावर थांबली. म्हणाली, "तवा तुमचीच टोपली भरलेली. मला म्हायत हाय."

"मग तवा का नाय बोललीस?"

"मिलालेलं तिकीट कोन सोडतं, वयनी?"

तिचं हे बोलणंही मृत्युपत्रात धरावं.

ठिकाण: माहीम. दिनांक: १४ फेब्रुवारी २०२६.

सही: दमयंती दामू तांडेल

साक्षीदार:
कृष्णकांत पागधरे, बर्फवाले
सौ. हेमाली जितेश तांडेल, जिल्हा परिषद सदस्य

(पद लिहू नको असं मी तिला बजावलं होतं. तरी लिहिलंच. आणि अक्षर बघा, माझ्यापेक्षा सुबक.)