मायचं शुद्धलेखन

मुखेड,
सोमवार

तीर्थस्वरूप रामकिशन दादा,

धाकट्या सिंधुचा उभ्याउभ्याच नमस्कार घ्या, वाकता येत न्हाई. तुम्ही आणि वहिनी लातुरात सुखात असाल असं धरून चालते. (फोन उचलत न्हाई तुम्ही, मग धरूनच चालायचं.) वहिनीचे गुडघे कसे हायेत? जिना अजून कठडा धरूनच उतरते का? तुमचं पित्त काय म्हणतं? सकाळी उपाशीपोटी चहा पिणं सोडा, हे मी न्हाई, तुमच्या डॉक्टरनं सांगितलंय. इकडची खुशाली कळवायची रीत हाय म्हणून कळवते. माझी कंबर धरलीय, आमचे हे, म्हणजे तुमचे पाव्हणे, माझ्याशी बोलत न्हाईत, आणि माझं डोकं असं तापलंय की वर भाकरी टाकली तर टम्म फुगंल. बाकी ठीक.

नांदेडला पुरस्काराचा कार्यक्रम कसा झाला ते तुम्हाला कळायलाच पाहिजे. माझं कथांचं पुस्तक तिथं पाठवायला तुम्हीच मला भरीस घातलं, आणि ऐन दिवशी वहिनीच्या भाचीचा साखरपुडा निघाला म्हणून तुम्हीच आला न्हाईत. तर आता बसून ऐका, मधे उठू नका.

भाषासेतू प्रतिष्ठानाचा हा पुरस्कार दोन देशांतल्या मराठी लिहिणाऱ्यांना मिळतो, एक आपल्याकडचा आणि एक मॉरिशसचा, हे मला तुमच्याकडूनच कळलं. मॉरिशसात मराठी माणसं हायेत हेही तवाच कळलं. कोकणातून बोटीत घालून उसाच्या कामाला नेलेली माणसं. पिढ्या उलटल्या, आता घरात क्रिओल बोलतात, पेपर फ्रेंच वाचतात, आणि तरी त्यातले काही जण हट्टानं मराठीत लिहितात. (आमच्या गल्लीतली लेकरं दिवसभर मराठीत भांडतात, अन् मराठी वाचायला बसवलं की पोटात दुखतं.) प्रतिष्ठानाचे अध्यक्ष गुरुबसप्पा मालक. त्यांची दाळमिल हाय आणि मंगल कार्यालय हाय, आणि लग्नाची तिथी नसली की ते कार्यालय साहित्याला मिळतं. मालक हार घालतात, बाकी सगळं चिटणीस भागवतराव बघतात. याच भागवतरावांनी मागं फोन करून इचारलं होतं, ताई, तुमच्या पुस्तकाची पुरस्कार आवृत्ती काढतोय, जरा शुद्धलेखन बघून घेऊ का? मी म्हणलं बघा. मला वाटलं एखादा काना, एखादी वेलांटी.

तुमच्या पाव्हण्यांनी न्हाव्यापासून ते एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बायको आंतरराष्ट्रीय झाली. मॉरिशसची बाई फ्रेंच बोलणार म्हणून त्यांनी फोनवर बघून 'बाँज्यूर' पाठ केलं. लोहा गाव येईस्तोवर एसटीत तेच चाललं होतं. पुढच्या सीटवरच्या बाईला वाटलं त्यांना उलटी होऊन राहिलीय, तिनं बिचारीनं खिडकीची जागा दिली.

आणि ती फ्रेंच बाई निघाली देविका सखाराम. (सखाराम हे तिचं आडनाव. बोटीतून उतरलेल्या पणजोबाचं नाव साहेबानं लिहून घेतलं, तेच पुढं सगळ्यांचं आडनाव झालं.) साधी सुती साडी, पायात कापडी बूट. मला बघून पहिलं काय म्हणाली असंल? तुम्ही जेवलांत काय? तुमचे पाव्हणे बाँज्यूर गिळून तसेच उभे.

कार्यक्रम सुरू झाला. फेटे झाले, दीप झाला, दोघींच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या रंगीत कागदातून सोडवून झाल्या. मग निवेदन करणारी आरती म्हणाली, मॉरिशसच्या लेखिकेच्या कादंबरीतला एक उतारा ऐकू या. उतारा लेक सासरी निघाल्याचा होता. लेक रडते आणि आई म्हणते, “तू का रडत आहेस? मी अजून जिवंत आहे. मी येथेच आहे.” मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मनात आलं, प्रसंग चांगला धरलाय बाईनं, पण आई जरा सरकारी वाटती. असू दे, एवढ्या लांब मराठी टिकवलं हेच लई झालं. तेवढ्यात देविकाबाई माझ्या कानाला लागली आणि म्हणाली, हें माझें न्हवे.

मी मांडीवरचं पुस्तक उघडलं. आरतीनं वाचलेला उतारा त्यात होता. तो माझा होता, दादा. आरतीनं दोन पुस्तकांची अदलाबदल केली होती आणि भरल्या सभागृहात कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्याही आलं न्हाई. माझ्या स्वतःच्या मायला मी ओळखलं न्हाई, वर परकी समजून टाळ्या दिल्या.

मी सासरी निघाले तवा माय काय म्हणाली होती ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही बैलगाडीपाशी उभे होता. “काहून रडून राहिलीस गं? म्या काय मेले का? हाय की हितं.” एवढंच. त्या कथेत बाकी सगळं मी रचलंय, ते एक वाक्य तेवढं रचलेलं न्हाई.

मग मी स्टेजवर बसूनच पानं उलटत गेले. दादा, माझ्या पुस्तकातल्या माणसांना कोणीतरी आंघोळ घालून, भांग पाडून, रांगेत उभं केलं होतं. बैलबाजारातल्या भांडणात माझा मलप्पा दलाल सात पिढ्या उद्धरतो, तो इथं म्हणतो, “आपले हे वर्तन मला मुळीच आवडलेले नाही.” लाथ मारणाऱ्या म्हशीला माझी शिवम्मा म्हणते, “अशी का वागतेस?” सगळ्या 'लई'चं 'अतिशय' झालेलं, सगळ्या 'हाव'चं 'होय'. गावात कोणी काही 'करून राहिलं' नव्हतं, सगळे आपले 'करत होते'. तिकडं देविकाबाई तिचं पुस्तक चाळत होती आणि तिचे कान लाल होत होते. तिनं घराला 'लाकाज' लिहिलं होतं, पाण्याला 'दिलो', तिच्या आजीच्या तोंडी होतं तसं. लाकाजचं 'निवासस्थान' झालं होतं आणि दिलोचं 'जल'. दोन देश, मधे एवढा दर्या, आणि दोघींच्या पुस्तकांवर एकच इस्त्री फिरवलेली. आरतीचं तरी काय चुकलं मग?

आधी तिला बोलायला बोलावलं. तिचं मराठी लोकांना कळायचं न्हाई म्हणून भागवतराव दुसरा माईक घेऊन शेजारी उभे. मराठीचं मराठीत भाषांतर मी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, माझें पुस्तक कोणी धुतलें? भागवतरावांनी सांगितलं, ताई म्हणतात, पुस्तकाची निर्मिती अत्यंत निर्मळ झाली आहे. टाळ्या. मग ती जी फ्रेंचमधे सुरू झाली, ती थांबंचना. बोट नाचवत, पुस्तक आपटत. मला एक शब्द कळला न्हाई. लोक मात्र भारावून ऐकून राहिले, आणि प्रमुख पाहुणे (कोणीतरी निवृत्त अधिकारी) उठून म्हणाले की फ्रेंच भाषेचा गोडवा आज नांदेडकरांना अनुभवायला मिळाला. पुढं मी तिला इचारलं, नेमकं काय म्हणालीस? तर म्हणाली, तें घरांत सांगण्यासारखें न्हवे.

मग मी उठले. भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समधेच राहू दिलं आणि जुन्या आवृत्तीची माझी प्रत काढली. (उंदरांनी कुरतडलेली हाय, पण अक्षरं जागच्या जागी हायेत.) मी एवढंच म्हणलं, “हे नवं पुस्तक माझं न्हाई. माझी माय असं कधी बोललेली न्हाई.” आणि वाचायला लागले. बैलबाजारापासून सुरुवात केली. मलप्पा तोंड उघडतो तिथं माईक बंद पडला. भागवतराव बटणापाशीच उभे होते, तरी आपला पडला म्हणायचं. पण मी मुखेडची हाय, बांधावरून हाक मारून मळ्यातल्या माणसाला जेवायला बोलावलेली बाई हाय, मला माईक कशाला लागतो. मागनं सैपाकाच्या बाया हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मलप्पाच्या शिव्यांना गुरुबसप्पा मालक असे हसले की फेटा घसरला. मग मायचा प्रसंग आला. मी तो वाचला. मालकांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. तुमचे पाव्हणे तेवढे मान खाली घालून बसले होते. ते रडून राहिले होते का लाजून राहिले होते हे मला अजून कळलेलं न्हाई, आणि ते सांगणार न्हाईत.

इथंच थांबले असते तर शोभलं असतं. पण राग उतरला नव्हता. पुरस्कार म्हणून भलंमोठं पितळी गलबत दिलं होतं, ते उचललं आणि नेऊन मालकांच्या मांडीवर ठेवलं. ठेवताना कमरेत कट्टकन आवाज झाला आणि मी तशीच राहिले. वाकलेली. सरळ होता येईना, बोलता येईना, डोकं मालकांच्या गुडघ्यांपाशी. आणि त्याच वक्ताला फोटोवाल्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली काय छापलं ठाऊक हाय? 'कृतज्ञतेने नतमस्तक झालेल्या लेखिका.' मी आयुष्यात एकदा भर सभेत पुरस्कार परत केला, तर जिल्ह्याला वाटलं मी पाया पडून राहिले.

देविकाबाईनं आणि सैपाकाच्या बायांनी मला खुर्चीत बसवलं, आणि मला एकटीला सोडायचं न्हाई म्हणून बाई हॉटेलातली बॅग घेऊन आमच्यासोबत मुखेडला आली. अजून हितंच हाय. माझी कंबर शेकते, पिठल्याला कोथिंबीर जास्त घालते, आणि तिच्या आजीचे शब्द मला म्हणून दाखवते. निम्मे कळत न्हाईत, पण कान देऊन ऐकावं असे हायेत. तुमचे पाव्हणे सकाळी उठून तिला बाँज्यूर म्हणतात आणि माझ्याकडं न बघता न्हाणीघरात जातात. मुखेडभर सांगितलेलं आता कसं मागं घ्यायचं, हे त्यांचं दुखणं हाय. काल भिंतीकडं तोंड करून म्हणाले, निदान फोटो तरी चांगला आला.

काल गुरुबसप्पा मालकांचा फोन आला. मी भांडायच्या तयारीनंच उचलला. तर ते म्हणाले, अक्का, आमच्या घरात कानडी चालतं, मराठी मला बाजारानं शिकवलं, आणि बाजारात मलप्पासारखंच बोलतात. आमच्या आईला कोणी असं धुऊन काढलं असतं तर मी गलबत मांडीवर न्हाई, डोक्यात घातलं असतं. धुतलेल्या प्रती वाचनालयांना जायच्या होत्या, त्या त्यांनी अडवल्यात. दोघींची पुस्तकं आम्ही लिहिली तशी, एका जिल्दीत, पुन्हा काढायची म्हणतात. मी लगेच हाव म्हणलं न्हाई. तासभर राग धरला, मग म्हणलं.

वहिनीला नमस्कार. पित्ताचं मनावर घ्या.

तुमची धाकटी,
सिंधु

ता. क. : या पत्राला लाल पेन लावू नका. जसं हाय तसं वाचा.

ता. क. दुसरा : स्टेजवरून उतरल्यावर मी भागवतरावांना धरलं होतं. घामाघूम झाले बिचारे. म्हणाले, ताई, देविकाताईंचं पुस्तक मी बघितलं, कबूल हाय, पण तुमच्या पुस्तकाच्या एका अक्षराला माझा हात लागलेला न्हाई. ते तुमच्या थोरल्या भावानं हौसेनं मागून नेलं. बहिणीचं पुस्तक परदेशात जाणार, कोणी हसायला नको म्हणून रोज रात्री बसून नीट केलं. दादा, वहिनीच्या एकुलत्या एक भाचीला दोन लेकरं हायेत. तिचा साखरपुडा काढताना दुसरं कोणी सुचलं न्हाई का? वर भागवतरावांवर एवढं लिहिलं, ते तुमचं नाव लिहायला हात धजंना म्हणून. आता धजला. आयुष्यभर तुम्ही पोरांच्या वह्या तपासल्या, मला अभिमानच हाय. पण माय तुमची विद्यार्थिनी नव्हती.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे हाय : नवीन पुस्तक लातूरच्या प्रेसमधे छापणार हायेत. तिथला कॉम्प्युटर आपल्या मनानंच शब्द सुधारून टाकतो म्हणे. तिथं रोज जाऊन बसणारा आणि 'आहे' दिसलं की पुन्हा 'हाय' करून घेणारा कोणीतरी कडक माणूस पाहिजे. मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी दिसत न्हाई. मालकांना तुमचं नाव सांगून टाकलंय. आणि आणखी एक. मायचं बोलणं माझ्यापेक्षा तुम्ही लई जास्त ऐकलंय. मी जन्मायच्या आधी तुम्ही शाळेत जाताना रडायचे असं ती सांगायची, पण तुम्हाला काय म्हणून गप करायची ते तिनं मला कधी सांगितलं न्हाई. आठवत असंल तर तेवढं लिहून पाठवा. ती म्हणाली होती तसं.