वजन: भरपूर

अप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमचे टेम्पो आता आत्या बघते. मी कॉलेज अर्धं टाकून पुणं, हंपी असा कुठेकुठे फिरलो, कुणाकुणाकडून थोडं प्रोग्रॅमिंग उचललं आणि महाडला परत आलो. बुकिंगचा प्रोग्रॅम करून देतो म्हणालो. आत्या म्हणाली, चालला तर ऑफिसात बस, नाय तर क्लीनर म्हणून गाडीवर चढ. हंपीत मला तबला वाजवणारा एक क्लीनर भेटला होता, पण ते राहू दे.

पोलादपूरला घाट लागायच्या आधी तुम्ही गाडी उभी करायचात. प्रत्येक पोतं थोपटून विचारायचात, "काय हाय ह्यात?" तांदूळ सांगून लोखंड निघालं की माल तिथेच खाली. मी टपरीवर भजी खात वैतागायचो. कॉम्प्युटरच्या भाषांचेही असेच दोन स्वभाव असतात. स्टॅटिक टायपिंगवाली तुमच्यासारखी: कुठल्या खान्यात आकडा, कुठल्यात नाव, आधी सांगा, गफलत दिसली तर गाडी हलणार नाही. डायनॅमिकवाली म्हणते, बसा, काय असेल ते घाटात बघू. मी अर्थातच दुसरी घेतली. आत्याने वजनाच्या खान्यात लिहिलं, 'भरपूर'. प्रोग्रॅमने निमूट घेतलं. संध्याकाळी गाड्या भरून उभ्या, आणि हा वजनांची बेरीज करायला गेला तो मटकन खालीच बसला. ड्रायव्हर हसून स्टिअरिंगवर आडवा. आत्याने गाडी पुसायचं फडकं माझ्यापुढे ठेवलं.

मग सगळं तुमच्यासारख्या कडक भाषेत लिहिलं. ती मलाच सुरू करू देईना. दर ओळीला तुमचाच प्रश्न. एकदाचं चाललं, तर पहिलं गिऱ्हाईक शिवथरकडची म्हातारी. गाठोडं घाटावर दिलेल्या लेकीकडे धाडायचं होतं. मालाचा प्रकार भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जाईना आणि म्हातारी सांगेना. "लेकीला ठाव हाय. तुला कशाला रे?" म्हणत ती उठलीच. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "मशीनीत तुझा बाप बसवलास. आता गिऱ्हाईकं पण त्याच्यासारखीच घालव."

ऑफिसातली जागा राहिली, अप्पा, कारण कडक भाषेतही एक चोरवाट असते. एखाद्या खान्याला सांगता येतं, ह्यात काहीही चालेल. मालाच्या प्रकाराचा तेवढा एक खाना मी उघडा ठेवलाय. तुम्ही असतात तर गाठोडं उतरवलं असतंत, पाठोपाठ मलाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो: तसला माल गाडीत असला की घाट चढून वरून ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत मला चहा जात नाही. तुम्हाला घाटाची भीती वाटायची का, हे कधी विचारलं नाही. मला वाटते.