आठ तोळ्यांचं सूत

२४ सप्टेंबर १९३१
आजच्या बातमीची खरी किंमत: रेवस ते भाऊचा धक्का, जाऊन-येऊन बोटभाडं बारा आणे. शेटलोकांजवळ बसायला मिळावं म्हणून वरच्या क्लासचे चार आणे जादा. चहा एक आणा. एकूण एक रुपया एक आणा. स्वस्त पडली.
दोन गुजराती शेट बोलत होते. विलायतेनं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. आपला रुपया पौंडाला बांधलेला, तोही खाली चालला. मुंबईच्या बँका बंद. बाहेरचा माल महागणार. मी समुद्राकडे बघत होतो, कान त्यांच्याकडे.
मासेमारीच्या जाळ्याचं सूत जपानहून येतं. डोकं असलेल्याला एवढं पुरे.

२६ सप्टेंबर
पोराच्या, सदाच्या, लग्नासाठी ठेवलेलं आठ तोळे सोनं विकलं. घेतलं तोळा एकवीस रुपयांनी, गेलं तेवीसनं. त्या पैशात तीस गठ्ठे सूत माडीवर.
बायको केसर म्हणाली, ते सोनं तुमचं न्हाय, किहीमच्या पोरीचं, कोकिळेचं हाय. आमच्यात नवरीला सोनं मुलाकडच्यांनी घालायचं, म्हणून बायकांचा जीव घाबरतो. समजावलं: सोनं पडून राहतं, सूत पळतं. वैशाखात कोकिळेच्या अंगावर आठ नाही, दहा तोळे. अख्खं रेवस बघत राहील.
शेजारच्या मोरूलाही सोनं विकायचा सल्ला दिला. त्याचाही रघू लग्नाचा आहे. मोरू एका कानानं बहिरा. म्हणाला, काय? दोनदा सांगितलं. तरी काय?

३० ऑक्टोबर
गठ्ठ्यामागे बारा आणे चढले! गिऱ्हाईक विचारून जातं. देत नाही. अजून चढेल.
सोनं पंचवीस. तात्पुरतं.

१८ डिसेंबर
सोनं एकोणतीस. बोटीवर ऐकलं, जपाननंही सोनं सोडलं. म्हणजे मोठ्या देशालाही माझ्यासारखंच सुचलं.
शेट मात्र हसत नव्हता.

११ फेब्रुवारी १९३२
जपानच्या पैशाचा भाव पडला, नवं सूत स्वस्त उतरलं. गठ्ठा पाच रुपये. मला सहाला पडलेला. जाळी विणणाऱ्या मनुबाईनं माझा धागा ओढून बघितला. म्हणाली, चांगला हाय रं दादा, पण पाच रुपयांतला बी असाच हाय. तिला फरक समजावून सांगितला. फरक नव्हता, पण समजावला.
माडीची तुळई हल्ली दिवसाही कुरकुरते.

६ मार्च
कोकिळेचा बाप अंबाजी आला. चहाला हात लावला नाही. म्हटलं, ठरलं तेव्हा आठ तोळ्यांचे एकशे अडुसष्ट होत होते, मी एकशे ऐंशी देतो. म्हणाला, व्याही, बोली तोळ्यावर झाली, रुपयावर न्हाय. माझी पोर काय नोटा घालून मिरवंल?
आठ तोळ्यांना आज दोनशे चाळीस लागतात. सगळं सूत विकलं तर दीडशे. महिन्याची मुदत दिली त्यानं. महिन्यात सोनं उतरणार, नक्की. जाताना तो मोरूच्या ओट्यावर बराच वेळ बसला. बहिऱ्याशी एवढं काय बोलायचं?

१० एप्रिल
सोनं उतरलं नाही. सदा मुंबईला गोदीत कामाला गेला. थांब म्हटलं. म्हणाला, कशासाठी, बाबा?
केसर जेवायला वाढते. लगेच चुलीकडे वळते.

१२ मे
कोकिळा आज सून होऊन रेवसला आली. मोरूच्या घरी. अंगावर आठ तोळे.