बोडी, बांधी आणि हिरव्या भुजल्या

मी, शकुनबाई घनश्याम तुरकर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजा मोहटोला, पोस्ट सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, पण मृत्युपत्राला फुप्फुसं लागत नाहीत, असं तुमसरच्या वकील रेणूताईंनी सांगितलं. कोणी मला भुलवलेलं नाही, काही पाजलेलं नाही. धमकावायला मात्र येऊन गेले, त्यांचं पुढे येईल. अक्षर वाकडं दिसेल ते धापेमुळे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

घाई आहे म्हणून आजच लिहिते. बोडीच्या पाळीवर मुरमाचे ढीग येऊन पडले आहेत. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेला छोटा तलाव, हे परगावच्या वाचणाऱ्यासाठी लिहिते. विक्रीच्या कागदावर सही अजून माझी व्हायची आहे आणि मुरूम आधीच आला. मी जिवंत असताना ही हिंमत, तर मी गेल्यावर तिसऱ्याच्या आत बोडी बुजेल. म्हणून जे आहे ते नावनिशीवार लिहून ठेवते.

कलम १. राहतं घर आणि मागची विहीर माझा एकुलता एक मुलगा विनोद याला. तो नागपूरला असतो. त्याने घर विकावं, ठेवावं, माझं काही म्हणणं नाही. ओसरीच्या वाशात चिमणीने घर केलं आहे, तेवढी पिल्लं उडाल्यावर मग झाडझूड करावी.

कलम २. बँकेत जे असेल ते आणि माझ्या गळ्यातली पोत सून राखी हिला. यावर विनोद डोळे वटारील. वटारू दे. मला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा माझं हगणंमुतणं राखीने काढलं, तेही नाकाला पदर न लावता. मी चिखलाच्या हाताने नात मोनाला घास भरवला म्हणून ती एकदा माझ्यावर तोंड टाकून बोलली होती. मीही तिला कमी बोलले नव्हते. ते मिटलं असं समजावं.

कलम ३. लेकरांचं सामान. बांबूच्या छोट्या टोपल्या, एक भिंग, आणि जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या. हे कवडूच्या गोठ्यात ठेवावं. कवडू माझा शेजारी, माझी बांधी, म्हणजे धानाचं शेत, तोच वाहतो. जो कोणी लेकरं बाहेर नेईल त्याला त्याने हे सामान द्यावं, कोण कुठला विचारू नये.

पट्ट्या कशाला, हे नंतरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. लेकराचे डोळे बांधायचे, गोल फिरवायचं आणि एका झाडाला मिठी मारायला लावायची. साल हाताने चाचपायची, गालाला लावायची, वास घ्यायचा. मग दूर नेऊन पट्टी सोडायची आणि म्हणायचं, शोध आता तुझं झाड. चार वर्षांचं लेकरू धावत जाऊन मोहाला बिलगतं आणि ओरडतं, ‘बाई, हे माहं हाये!’ त्या झाडाची फांदी ते पोर जन्मात तोडत नाही. बांधीत उतरवायचं ते अनवाणी. धान आणि सावा रोपात सारखेच दिसतात. पान जिथे खोडापासून सुटतं तिथे धानाला इवलीशी पांढरी जीभ असते, साव्याला नसते. माझी लेकरं जीभ शोधून शोधून सावा उपटायची आणि एकमेकांना जिभा दाखवून हसायची. नोकरीत होते तोवर मी हेच केलं, निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी केलं. मला दुसरं काही येत नाही.

कलम ४. रागाची वाटणी. हे कलम कायद्यात बसत नाही, असं रेणूताई म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, माझ्या छातीत तरी कुठे बसतं?

रश्मी नावाच्या मुलीच्या पोटरीला बांधीत जळू लागली. मी नख सरकवून सोडवली. रश्मी घाबरली नाही. तिने जळू पानावर घेतली, बोडीत सोडली आणि म्हणाली, ‘जाय, तुह्या मायजवळ जाय.’ हे कोणी पाहिलं नाही. घरी गेल्यावर पायावरचं रक्त तेवढं दिसलं. तिच्या आईने त्याचा व्हिडिओ काढला, तो गावाच्या ग्रुपवर फिरला, तिथून वर साहेबांपर्यंत गेला आणि वरून आदेश आला की लेकरं आवाराबाहेर काढू नयेत. रश्मीच्या आईवर माझा राग आहे आणि तो मी सोबत घेऊन जाणार आहे. तिला व्हिडिओ काढायला वेळ होता, पोरीला ‘काय झालं’ म्हणून विचारायला नव्हता.

तेव्हापासून लेकरं आत बसतात. दार लावलेलं, टीव्ही लावलेला. भिंतीवर बेडकाचं हे एवढं चित्र आहे. त्याला सगळे ‘बेडूक’ म्हणतात, आणि खरा बेडूक उंबऱ्यात आला की ‘ई’ करून बाकावर चढतात. आता तिथे रिता सेविका आहे. मी तिच्या हातापाया पडले, अक्षरशः पडले, की बाई, शनिवारचा एक तास तरी बाहेर ने लेकरायले. ती म्हणाली, ‘माही नोकरी जाईल ना बाई, मंग माह्या लेकराले मी काय खाऊ घालू?’ तिच्यावर राग धरू कसा? धरला नाही. घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले तेवढंच.

कलम ५. वीरेंद्र. हा सिहोऱ्यातला व्यापारी. माझ्या बोडीवर त्याला लग्नाचा लॉन करायचा आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेला छोटा तलाव, हे परगावच्या वाचणाऱ्यासाठी लिहिते. वीरेंद्र माझ्या अंगणवाडीतला. पोहायला ह्याच बोडीत शिकला. भिंग मुंगीचं तोंड पाहायला दिलं, तर त्याने ते उन्हात धरून माझ्या लुगड्याला भोक पाडलं. मी त्या दिवशी हसले होते. आता दारात गाडी लावून म्हणतो, ‘बाई, तुमच्या बोडीत उतरते कोन आता? बेडकं! लॉन झाला तं गावाचं नाव होईल.’

मी म्हटलं, ‘तू उतरला होतास ना रे नागडा!’

‘तो जमाना गेला, बाई. तुमी गेल्यावर विनोद देईलच ना मले. मंग आता काहून अडवून राहिल्या?’

आणि नागपूरहून आलेला विनोद खाली मान घालून म्हणाला, ‘माय, कोनासाठी ठेवून राहिली तू ते? एक पोरगं तरी येते का?’

हे मात्र खरं आहे. एकही येत नाही. मी शनिवारी टोपल्या घेऊन पाळीवर जाते, बसते, परत येते. येतं का कोणी म्हणून वाट पाहत राहते, आणि कवडू मला पाहून दुसरीकडे बघतो. माझं पोर खरं बोललं, याचं दुःख मला धापेपेक्षा जास्त आहे.

कलम ६. हे कलम हकिकतीचं आहे, पण पुढचं कलम त्यावर उभं आहे, म्हणून गाळू नये.

आमच्याकडे नागपंचमीला भुजल्या पेरतात. परसाच्या, म्हणजे पळसाच्या, पानांच्या दोन्यात, द्रोणात, माती घालून गहू पेरायचे आणि अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवायचे. ऊन लागू द्यायचं नाही. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पिवळेजर्द कोंब बोडीवर न्यायचे, माती पाण्यात सोडायची आणि कोंब एकमेकांच्या कानावर खोचायचे. ज्याच्या हातची भुजली घेतली त्याच्याशी भांडण संपलं. भावकीची किती भांडणं ह्या कोंबांनी मिटलेली मी पाहिली आहेत.

यंदा सून राखीचं ऑपरेशन झालं, म्हणून माझी नात मोना माझ्याकडे राहायला आली. सहा वर्षांची. पहिल्या दिवशी तिने बोडीची माती चमच्याने आणली, बोटाला लागू नये म्हणून. दुसऱ्या दोन्याच्या वेळी चमचा हरवला. मीच लपवला होता. तेव्हा तिने एक बोट घातलं, मग हात घातला, मग कोपरापर्यंत गेली.

रोज ती झाकण उघडून कोंब पाही. एके दिवशी दोना जागेवर नाही! शोधत गेले तर ही पाळीवर बसलेली, पाय पाण्यात, आणि शेजारी दोना भर उन्हात. मी कपाळावर हात मारला. ‘अवं पोरी, हे काय केलंस! भुजली अंधारात ठेवायची असते.’

ती म्हणाली, ‘आजी, त्यांना कोंडून काहून ठेवलं? त्यांनी काय केलं?’

सगळं आयुष्य मी भुजल्या पेरल्या आणि हे माझ्या मनात कधी आलं नाही. मला ते दार लावलेलं, तो टीव्ही आणि त्यापुढे ओळीने बसलेली लेकरं दिसली. मी तिच्याजवळ बसून रडायला लागले. तिने माझ्या पाठीवर चिखलाचा हात ठेवला आणि म्हणाली, ‘रडू नको ना आजी, मी पाणी घातलंय त्यांना.’

भुजल्यांच्या दिवशी तिचे कोंब हिरवेगार. बाया मागे सरल्या. हिरवी भुजली कोणी कानावर घेईना, म्हणे अपशकुन. ती दोना धरून एकेकीपुढे उभी राही आणि जी ती पदर सावरून पुढे जाई. मी घेतली. मग विनोद तिला न्यायला आला, बरोबर वीरेंद्र. मोनाने आधी बापाच्या कानावर खोचली. विनोद खाली वाकला तेव्हा तिच्या पायाचा चिखल त्याला दिसला, तरी त्याने कान पुढे केला. मग ती वीरेंद्रकडे गेली. त्यानेही मान वाकवली. खरं सांगते, माझ्या जिवात जीव आला. आणि तो कोंब कानावर तसाच असताना हा मला म्हणतो, ‘बाई, सही आजच करून टाका ना.’

त्याने भुजली घेतली, म्हणून रीतीप्रमाणे त्याच्यावरचा राग मी सोडला आहे. सही देत नाही.

कलम ७. सदर बोडी, तिची पाळ, पाळीवरची मोहाची झाडं आणि खालची धानाची बांधी हे सर्व माझे पती कै. घनश्याम यांनी मला बक्षीसपत्राने दिलेलं आहे आणि सातबाऱ्यावर माझं नाव आहे. हे सर्व मी माझी नात मोना विनोद तुरकर हिला देत आहे. ती सज्ञान होईपर्यंत कवडूने सांभाळावं, धान पिकवून खावा, मासे धरावेत. अज्ञान मुलीची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणाला विकता येत नाही, बापालाही नाही, असं रेणूताईंनी मला दोनदा समजावून सांगितलं. विनोद, तुझ्या डोळ्यांत धूळ फेकली असं तुला वाटेल. मला दुसरा रस्ता दिसला नाही रे बाबा. पंचायतीला दिली असती तर तिथे सिमेंटचा बगळा उभा राहिला असता. शाळेला दिली असती तर कुलूप लागलं असतं.

मोना मोठी झाल्यावर तिला विकायची असेल तर तिने खुशाल विकावी. अट एकच. सही करण्याआधी तिने एकदा सकाळी अनवाणी बोडीत उतरावं आणि चिखल घोट्याच्या वर येईपर्यंत उभं राहावं. मग कागद मागवावा. ती नागपुरात वाढणार, मला विसरणार, तिला चिखलाची किळस पुन्हा येणार, हे मला कळतं. एवढ्या एका पोरीवर मी सगळं टाकते आहे. याहून मोठी आशा माझ्यापाशी नाही, आणि हीसुद्धा रात्री डोळा लागू देत नाही.

कलम ८. माझ्या तेराव्या दिवसाची तेरवी जेवणाची करू नये. त्या दिवशी गावातली जी लेकरं मिळतील ती बांधीत उतरवावीत. एकही मिळालं नाही तर तेरवी करू नये.

हे मृत्युपत्र मी बोडीच्या पाळीवर बसून पुरं केलं. साक्षीला वीरेंद्रचे वडील भैय्याजी यांना विचारलं होतं, ते म्हणाले, ‘पोराच्या इरुद्ध कशी सही करू?’ आणि घरात गेले. आशा सेविका शुभांगी लगेच आली. रिता येईल असं वाटलं नव्हतं. तीही आली. मदतनीस सुट्टीवर, लेकरं एकटी कशी सोडायची, म्हणून अख्खी अंगणवाडी मागे घेऊन आली. सहीपुरती, लगेच परत, असं मला बजावलं. ती पेन शोधत होती तेवढ्यात पहिलं लेकरू पाळीवरून खाली चिखलात घसरलं. त्यामागे दुसरं. आता सगळीच खाली आहेत. रिता ओरडली, मग चप्पल काढून स्वतः उतरली, आणि अजून वर आलेली नाही. मी तिला इथूनच म्हटलं, सावकाश ये, मला घाई नाही.

लिहून देणार: शकुनबाई घनश्याम तुरकर (सही)

साक्षीदार १: शुभांगी, आशा सेविका, मोहटोला (सही)

साक्षीदार २: रिता, अंगणवाडी सेविका, मोहटोला (सही)

स्थळ: बोडीची पाळ, मौजा मोहटोला
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

टीप: साक्षीदार क्रमांक २ यांच्या सहीवर आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर चिखलाचे डाग आहेत, त्यांत एक लहान हाताचा ठसा आहे. ती खाडाखोड समजू नये.