शेवटच्या दोन रेघा

टॅलमन, इंडियाना
रविवार, १४ नोव्हेंबर १९५४

चि. डेल यास,

लेम मामाचे आशीर्वाद. घेणार असशील तर.

तुझं पत्र एप्रिलमध्ये आलं आणि उत्तराला नोव्हेंबर उजाडला, त्याबद्दल माफ कर. मे महिन्यात माझी बोटं सुजली होती. जूनमध्ये कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलची लाकडी जमीन घासून वार्निश दिलं, तेही एकट्याने. मग बॉयलर बिघडला. शिवाय तुझं ते पत्र म्हणजे काय पत्र होतं? एक ओळ! मामा कसा आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही. मी सहावीत शाळा सोडली, पण पत्र कसं लिहितात एवढं मलाही कळतं. ती ओळ मी इथे परत लिहीत नाही.

आज लिहितोय ते प्रशिक्षक रस्क यांच्या सांगण्यावरून. मंगळवारी मी बाकं पुसत होतो तेव्हा ते आले आणि म्हणाले, "लेम, यंदा माझ्याकडे चेंडू सांभाळणारा एक धड पोरगा नाही. तुझ्या त्या भाच्याला कळव. संघासमोर उभं राहून तुझी माफी मागितली, तर जानेवारीच्या सत्रापासून त्याला परत घेतो. फीसुद्धा माफ."

मी म्हटलं, "तो नाही मागणार."

"मग राहू दे त्याला गॅरीत भट्टीपुढे. हात भाजले की येईल अक्कल."

हा निरोप होता. पोचवला. तू शहाणा असशील तर येशील, चार वाक्यं बोलशील आणि पदवी घेऊन बाहेर पडशील. पोलादाच्या कारखान्यात तुझ्यासारख्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. चाळिशीत म्हातारे होतात. तू काय जेवतोस, कुठे राहतोस, कानटोपी घालतोस की नाही, ते तुझ्या आईलाच ठाऊक, आणि ती मला सांगत नाही. ऑपल माझी सख्खी बहीण, पण चर्चमधून निघताना मला पाहिलं की रस्ता ओलांडते. गेल्या रविवारी समोरून गाडी येत होती तरी ओलांडला. मला बघण्यापेक्षा तिला गाडीखाली आलेलं चालेल.

संघाचंही ऐकून घे. त्यांना तुझी आठवण येते असं समजू नकोस. बड क्लेटर यंदाही कर्णधार आहे. तुझं नाव निघालं की तो जमिनीवर थुंकतो, माझ्या वार्निशवर, आणि मला फडकं आणावं लागतं. "म्हातारबा, तुमच्यासाठीच थुंकलो," म्हणतो. आपल्या म्हाताऱ्या मामावर खापर फोडणारा पोरगा म्हणून ते सगळे तुझ्यावर खार खाऊन आहेत. तुझे बूट त्या दिवशी बाहेर बर्फात टाकले ते क्लेटरनेच. मी उचलून आणले. अजून बॉयलरच्या खोलीत आहेत, वाळले पण कडक झालेत. पाठवू का?

तू म्हणशील, मामा, मुद्द्याचं बोल. बोलतो. घाई करू नकोस, घाईचं फळ आपण दोघंही खातोय.

गेला मोसम आठव. बावीस सामन्यांपैकी सतरा जिंकले. गावात न्हाव्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्याच गोष्टी करत होते. पण मी वेळ पाहणारा, यजमानांच्या टेबलावर बसणारा, मला तो मोसम कसा गेला ते कुणी विचारलं? बाहेरगावचा प्रत्येक संघ येताना एकच गोष्ट घेऊन यायचा, की टॅलमनचा म्हातारा घड्याळाचा काटा आपल्या सोयीने चालवतो. आणि जानेवारीत भिंतीवरचं मोठं घड्याळ चेंडू लागून बंद पडलं. त्यानंतर वेळ फक्त माझ्या टेबलावरच्या घड्याळात. प्रेक्षकांना दिसत नाही, पंचांना दिसत नाही. मी पिस्तुलाचा बार काढला की वेळ संपली. संपली म्हणजे संपली.

त्याच महिन्यात आपण ब्रँट कॉलेजात खेळायला गेलो. मी वेळ पाहायला नव्हे, नुसता गाडीतून तुमच्याबरोबर आलो होतो, टॉवेल सांभाळायला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तू माझा भाचा. गॅलरीतून त्यांनी दोरीला बांधून एक गजराचं घड्याळ खाली सोडलं, थेट माझ्या डोक्यावर, आणि अख्खा हॉल ओरडत होता, "मामा, थांब! मामा, थांब!" तू हसलास. तुला वाटलं गंमत आहे. मला तीन दिवस जेवण गेलं नाही. नंतर साखळी सामने भरवणाऱ्यांच्या कार्यालयातून रस्कला पत्र आलं, की वेळ पाहणारा खेळाडूचा नातेवाईक असल्याची तक्रार आहे. रस्क मला म्हणाले, "लेम, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नकोस. ठेवलीस तर तू नाहीस आणि तोही नाही."

एकतीस वर्षं मी ते टेबल सांभाळलं, डेल. माझ्याकडे दुसरं काही नाही. बायको नाही, घर कॉलेजचं, हातातला झाडूसुद्धा कॉलेजचा. मी खरा माणूस आहे, एवढंच माझं होतं.

मग सत्तावीस फेब्रुवारी. शनिवारची दुपार. तेच ब्रँट, आपल्या हॉलमध्ये. जिंकेल तो कॅन्सस सिटीला. त्यांचा वेळ पाहणारा प्रूइट माझ्या शेजारी खुर्ची चिकटवून बसला, तोंडात पुदिन्याच्या गोळ्या. सामनाभर कुजबुजत होता. "काय आजोबा, आज मामाचं मिनिट किती सेकंदांचं?" शेवटचं मिनिट आलं तेव्हा ते एकसष्ट, आपण साठ. चाळीस सेकंदांवर चेंडू तुझ्या हातात. रस्कने ओरडून सांगितलं, "धरून ठेव! शेवटी फेक!" तू मध्यावर उभा, एका हाताने चेंडू आपटत, जसा काही अंगणात एकटा आहेस. लोक उभे. प्रूइट माझ्या कानात, "आता बघू या थांबतो का काटा."

काटा थांबला नाही. मी त्याला हात लावला नाही. दहा. आठ. पाच. तू वळलास, दोन पावलं टाकलीस, उडी मारलीस. चेंडू तुझ्या बोटांत होता.

बार झाला.

चेंडू मग सुटला आणि बास्केटच्या मधोमध गेला, जाळीसुद्धा धड हलली नाही. पंचाने दोन्ही हात आडवे हलवले. गुण नाही धरले. एकसष्ट–साठ. मोसम संपला.

तू टेबलाशी धावत आलास. घाम माझ्या कागदांवर पडत होता. "मामा, दोन सेकंद होते! तू घाई केलीस! मी मोजत होतो!"

आणि मी उभा राहिलो, तुझ्या संघासमोर, तुझ्या आईसमोर, आणि म्हणालो, "खोटारड्या! वेळेत फेकता आलं नाही आणि म्हाताऱ्यावर ढकलतोस?" एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोललो नव्हतो. मागे क्लेटर म्हणाला, "शरम नाही वाटत? स्वतःच्या मामावर?" त्यानंतर तुझं इथे काय झालं ते तुला माहीत आहे.

प्रूइटने माझा हात हातात घेऊन हलवला. "मानलं, आजोबा. खरा माणूस." त्याच्या श्वासाला पुदिन्याचा वास होता. तो हसत होता. तो का हसत होता ते त्या हॉलमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं. तू धरलास तर तीन.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. भाच्याचीही गय न करणारा. आता तीन डिसेंबरला, शुक्रवारी, पहिल्या सामन्याआधी साखळीचे लोक मला चांदीचं खिशातलं घड्याळ देणार आहेत. मागे माझं नाव कोरलंय, म्हणजे परत करायची सोय नाही. रस्कला वाटतं त्याच दिवशी तूही यावंस, सगळ्यांसमोर माफी मागावीस, फोटो चांगला येईल.

हे सगळं लिहून झालं आणि मी चहा केला. तो गार झाला. आता तुझी ओळ लिहितो, कारण ती मला पाठ आहे. "मामा, काटा कुठे होता ते तूच लिही."

तू सात वर्षांचा असताना मी हॉल पुसायचो आणि तू माझ्यामागे बादली ओढायचास. मी तुला सेकंद मोजायला शिकवलं. एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी. मी घड्याळ पाठीमागे धरायचो आणि तू डोळे मिटून साठपर्यंत मोजून ओरडायचास, "आता!" कधी चुकला नाहीस. एकदाही नाही. त्यामुळे तू टेबलाशी येऊन जे बोललास ते खरं आहे हे मला घड्याळ न बघताही कळलं असतं. पण मी घड्याळ बघितलं होतं.

काटा शेवटच्या रेघेवर नव्हता. दोन रेघा अलीकडे होता.

बोट सुजलं होतं असं मी स्वतःला सांगून पाहिलं. सुजलं नव्हतं, ते मे महिन्यात सुजलं. मी तुला उडी मारताना बघितलं आणि मला कळलं की हा जाणार, हा बास्केटमध्ये जाणार, आणि उद्या सगळे म्हणतील मामाने काटा थांबवून जिंकवलं. त्याच्याआधी मी बार काढला. तू हरावास म्हणून नाही. मला कुणी काही म्हणू नये म्हणून. यातलं वाईट कोणतं ते तू ठरव, मला आता शिव्या ऐकायची सवय आहे.

तू माझं माफीचं काही देणं लागत नाहीस. तू ती मागितलीस तर मी तुझ्या थोबाडीत मारीन, जाहीरपणे, साखळीच्या लोकांसमोर.

सोबत वेगळा कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय, की सत्तावीस फेब्रुवारीला मी दोन सेकंद आधी बार काढला, पोरगा खरं बोलला, मी खोटं बोललो. खाली सही. रस्कच्या खोलीचं दार माझ्या झाडूच्या कपाटापासून अकरा पावलांवर आहे. चार वेळा गेलो. चारही वेळा त्यांनी विचारलं, "काय लेम?" आणि मी म्हटलं, "कचरा न्यायला आलो."

म्हणून तो कागद तुझ्याकडे. तूच तो रस्कला पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर वाच. मी तिथेच टेबलाशी बसलेला असेन, पळणार नाही. पण तुझ्याकडून काहीच आलं नाही, तर मी उभा राहीन, ते घड्याळ घेईन आणि आभार मानीन. मी स्वतःला ओळखतो, डेल.

ज्याने तुला मोजायला शिकवलं तो,
लेम

ता. क. – आपल्याकडे टपाल दुपारी दोनला येतं. मी फाटकाशी उभा असतो. शिव्या दे, पण दोन ओळी लिही. तीन तारखेच्या आत लिही. लवकर कळव रे.