खरेदीदार: ठिणगी

प्रिय ठिणगे,

सहा वर्षांनी लिहितोय. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, तिनेही आधी बरेच आढेवेढे घेतले.

माझं बरं चाललंय. डोळ्यांमुळे पाठ्यपुस्तकांची चित्रं काढणं सुटलं. एकट्यापुरता स्वयंपाक अजून जमत नाही, दोन वेळचं एकदमच होऊन बसतं. खालच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी माझी जुनी चित्रं नेटवर चढवून दिली. ‘काका, कपाटात वाळवी बघणार, इथे निदान माणसं तरी बघतील,’ म्हणाल्या. त्यात आईचंही होतं. शिलाई मशीनवर वाकलेली, दातांत दोरा धरलेली.

गेल्या महिन्यात बाई धावत वर आल्या. ‘तुम्ही टोकन विकता आणि सांगत नाही होय?’ मला टोकन म्हणजे दवाखान्यातलं ठाऊक! नेटवर चित्राच्या मालकीची नोंद विकतात, तिला टोकन म्हणतात, असं सांगून त्यांनी मोबाइलवर दाखवलं. कुणीतरी माझं नाव, माझा फोटो लावून दुकान थाटलं होतं. अकरा चित्रं विकायला काढलेली. दहांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आईचं तेवढं विकलं गेलं होतं. खाली लिहिलेलं, खरेदीदार: ठिणगी. या नावाने हाक मारणारा मी एकटाच. शेजारी तुझा प्रश्न होता, ‘पैसे थेट चित्रकारालाच पोचतात ना?’ आणि त्या चोराचं उत्तर, ‘हो ताई, थेट.’



असली दुकानं ज्या कंपनीच्या साइटवर चालतात, तिला तक्रार लिहिली. उत्तर आलं की टोकन खरं आहे, नोंद पक्की आहे. चित्र कुणी काढलं ते आम्ही तपासत नाही. म्हणजे तुझ्या हाती चित्र नाही, त्यावरचा हक्कही नाही. चित्र कुठे ठेवलंय त्या पत्त्याची नुसती पावती आहे. तू दिलेलं माझ्यापर्यंत आलं नाही, माझं तुझ्यापर्यंत गेलं नाही, आणि मधला पसार. तुम्ही होकार कळवलात तर चित्र साइटवरून काढून टाकू, एवढं मात्र त्यांनी लिहिलं.

तो होकार मी तीन आठवडे दिला नाही. रोज खाली जाऊन ते पान उघडून बसायचो. ‘काका, स्वतःचंच चित्र किती बघाल?’ बाई हसायच्या. मी चित्र बघत नव्हतो गं, तुझं नाव बघत होतो. आई गेली तेव्हा मी मुदतीची चित्रं पोचवायला गेलो होतो. ‘तुम्हाला माणसं कागदावरच आवडतात,’ म्हणालीस. खरंच होतं ते. तरी तू मला मदत पाठवत होतीस.

आज होकार कळवला. उद्यापासून तुझ्या पावतीमागे कोरी जागा दिसेल. बाबांनी हेही हिरावून घेतलं, असं तुला वाटू नये म्हणून हे पत्र. मूळ चित्र माझ्याकडे आहे, ते तुझं. पोस्टाने पाठवलं तर घडी पडेल. खोटं कशाला बोलू, नळीत घालून नीट पाठवता येतं. पण मी पाठवणार नाही. तू न्यायला ये.

अजून तुझाच,
बाबा